आकड्यांतली माणसे : बेसबॉलच्या संगणकीय खेळातील मैदानाबाहेरची कथानके

कथनमीमांसेच्या मराठीतील चर्चेत ‘संहिता’ म्हटली की कादंबरी, कथा, नाटक आणि फार तर चित्रपट एवढीच व्याप्ती सहसा गृहीत धरली जाते. खेळांच्या नोंदवह्या आणि त्या नोंदवह्यांवर उभे राहिलेले संगणकीय खेळ या व्याप्तीत बसत नाहीत. वस्तुतः कथानक, पात्र, योगायोग आणि कार्यकारणभाव या संकल्पनांची कसोटी पाहणारा एक प्रयोग तेथे पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मार्कुस हाइन्सोन या जर्मन रचनाकाराने १९९९ साली प्रसिद्ध केलेला आणि पुढे जवळजवळ दरवर्षी नव्या आवृत्तीत येत राहिलेला ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा खेळ त्याचा ठळक नमुना होय.

या खेळात चेंडू टाकायचा नसतो आणि फटकाही मारायचा नसतो. खेळणारा माणूस संघाचा व्यवस्थापक असतो. कोणाला करारबद्ध करावयाचे, कोणाला सोडावयाचे, कोणत्या क्रमाने फलंदाज पाठवावयाचे हे तो ठरवितो. सामना मात्र यंत्र संभाव्यतेच्या गणिताने खेळते आणि धावफलक त्याच्या पुढ्यात ठेवते. हंगामामागून हंगाम उलटतात. कोवळ्या वयात संघात आलेला मुलगा चाळिशीला टेकतो, निवृत्त होतो, आणि त्याच्या कारकिर्दीचा तक्ता तेवढा मागे राहतो. हा मुलगा कधी अस्तित्वातच नव्हता. यंत्राने त्याला नाव, गाव, वय आणि काही गुणांक देऊन जन्माला घातलेले असते. या गुणांकांत फलंदाजीचे आणि चेंडूफेकीचे कौशल्य असते, तसेच निष्ठा, नेतृत्व, हाव, बुद्धी, कष्टाळूपणा आणि जिंकणाऱ्या संघात असण्याची ओढ हेही आकड्यांतच मोजलेले असते. संस्कृत नाट्यशास्त्राने माणसाच्या भावांची मोजदाद केली होती. पण कोणाच्या हावेला गुण देण्याचे धाडस तिने केले नव्हते.

या मांडणीत मैदानाबाहेरच्या आयुष्याला जागा मिळते ती ‘कथानकां’च्या रूपाने. एखाद्या सकाळी व्यवस्थापकाच्या टपालात बातमी येते : अमुक खेळाडूचे सहकाऱ्याशी भांडण झाले, तमुक घरच्या अडचणींनी त्रस्त आहे, कोणी रात्रीच्या गोंधळात सापडला. कधी व्यवस्थापकाला निर्णयही विचारला जातो : समज द्यावी, दंड करावा की दुर्लक्ष करावे. अशा प्रत्येक कथानकाचा साचा आधी लिहून ठेवलेला असतो. त्यात नावाची जागा रिकामी असते. कोणत्या वयाच्या, कोणत्या स्वभावगुणांकाच्या खेळाडूस ते लागू पडावे याच्या अटी असतात. आणि शेवटी परिणाम असतो. निष्ठा इतकी घटली, कष्टाळूपणा इतका वाढला, इतके दिवस खेळता येणार नाही. ज्याला हौस आहे त्याला स्वतःचे साचे लिहून त्यात भरही घालता येते. ही कथानके अधिक ‘गतिमान’ असावीत, त्यांची संख्या वाढावी, एकातून दुसरे निघावे, पत्रकार, कुटुंब, सहकारी यांचे धागे त्यांत गुंफले जावेत, अशी अपेक्षा या खेळाच्या चाहत्यांच्या मनात असणे स्वाभाविक आहे.

ही अपेक्षा समजण्याजोगी असली तरी ती मूळ दुखण्यावरचा उपाय नव्हे. या कथानकांचे उणेपण संख्येत नाही. मैदानाबाहेरची घटना आणि मैदानावरचा आकडा यांचे जे नाते प्रत्यक्ष बेसबॉलच्या इतिहासात आढळते, ते या खेळाने उलटे करून टाकले आहे, आणि उणेपणाचे मूळ तेथे आहे.

हे नाते काय आहे ते पाहण्यासाठी काही तक्ते वाचावे लागतील. पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या रोबेर्तो क्लेमेंते याच्या नावावर कारकिर्दीत बरोबर ३,००० हिट्स आहेत. त्यातला शेवटचा हिट १९७२ च्या सप्टेंबरअखेरीचा. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले विमान समुद्रात कोसळले आणि त्यात क्लेमेंते गेला. तीन हजार ही संख्या बेसबॉलमध्ये मोठ्या कारकिर्दीची खूण मानली जाते. ती गाठणारे इतरही आहेत. परंतु क्लेमेंतेच्या तक्त्यातील ती वाटोळी संख्या इतरांच्या संख्येसारखी वाचताच येत नाही. तिच्यात पूर्तता आणि खंड एकाच वेळी आहेत. विमान कोसळल्याने आकडा बदलला नाही, आकड्याचा अर्थ बदलला.

टेड विल्यम्सच्या तक्त्यात १९४३, १९४४ आणि १९४५ ही तीन वर्षे कोरी आहेत. १९५२ मध्ये सहा सामने आणि १९५३ मध्ये सदतीस. पहिली पोकळी दुसऱ्या महायुद्धाची, दुसरी कोरियातील युद्धाची. त्याचे होम रन ५२१ भरतात. ती कोरी वर्षे ज्याला दिसतात, तो ५२१ हा आकडा वाचताना नकळत एक दुसरा, कधीही न नोंदला गेलेला आकडा मनाशी धरतो. तक्त्यातील रिकामी ओळ ही येथे सर्वांत बोलकी ओळ ठरते. (मौनाच्या आशयाविषयी कवितेच्या संदर्भात जे पुष्कळ लिहिले गेले आहे, ते एखाद्या धावफलकालाही लावून पाहण्यास हरकत नसावी.)

शूलेस जो जॅक्सनचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स संघ सिनसिनाटीकडून हरला. जॅक्सनने त्या मालिकेत बारा हिट्स मारले आणि त्याची सरासरी ०.३७५ होती, म्हणजे उत्तमच. पुढे मालिका पैसे घेऊन हरल्याचे प्रकरण बाहेर आले. १९२१ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयात पंचांनी खेळाडूंना निर्दोष ठरविले आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी त्यांना कायमचे बाहेर काढले. आता ०.३७५ हा आकडा कसा वाचावयाचा? तो निरपराधित्वाचा पुरावा म्हणून वाचणारे आहेत. ज्या क्षणी गरज होती त्या क्षणी न मारलेल्या फटक्यांवर पांघरूण घालणारा आकडा म्हणून वाचणारेही आहेत. २०२५ साली बेसबॉलच्या आयुक्तांनी मृत खेळाडूंवरील बंदी संपल्याचे जाहीर केले, त्यात जॅक्सनही आला. त्याला जाऊन तेव्हा त्र्याहत्तर वर्षे झाली होती. शतकभर एकच आकडा तसाच आहे आणि त्याचा अन्वयार्थ मात्र अजून ठरावयाचा आहे. संहितेच्या अनेकार्थतेचे इतके स्वच्छ उदाहरण साहित्यातही सहजी सापडणार नाही.

आणि बेसबॉलच्या इतिहासातील मैदानाबाहेरची सर्वांत मोठी घटना तर एका खेळाडूच्या आयुष्यातील नव्हेच. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला तोवर विसाव्या शतकातील मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. नीग्रो लीगमधील थोर फलंदाज जॉश गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत वारला. मेजर लीगच्या तक्त्यात त्याची ओळच नव्हती. २०२४ च्या मे महिन्यात नीग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले आणि कारकिर्दीच्या सरासरीत ०.३७२ या आकड्याने गिब्सन टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर गेला. कोणी एक चेंडूही न टाकता यादीतील पहिले नाव बदलले. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, ही नोंद क्रिकेटच्या पुस्तकात एका ओळीची आहे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही, ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले, हे कळल्यावर त्या एका ओळीचे वजन निराळे होते.

या पार्श्वभूमीवर संगणकीय खेळातील कथानकांकडे परत यावे. तेथे खेळाडूच्या घरी काही घडले की त्याचा एखादा गुणांक घटतो अथवा वाढतो. म्हणजे घटनेचे आकड्यात रूपांतर होते आणि रूपांतर होताच घटना संपते. पुढल्या हंगामात त्या खेळाडूची सरासरी खाली आली, तर ती वडिलांच्या निधनामुळे आली की तिशी ओलांडल्यामुळे, हे तक्ता सांगू शकत नाही. कारण यंत्राच्या लेखी दोन्ही एकाच प्रकारच्या वजाबाक्या आहेत. प्रत्यक्षात मैदानाबाहेरचे आयुष्य आकड्याला अर्थ देते; येथे ते आकड्याला फक्त आणखी एक आकडा देते. शोक हा विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने करुणापर्यंत पोहोचतो असे मानणाऱ्या परंपरेच्या भाषेत बोलावयाचे तर येथे विभाव घाईघाईने सांगितला जातो, अनुभावाचा हिशेब होतो, आणि मधल्या संचारी भावांना थाराच मिळत नाही. त्यामुळे वाचणारा हळहळत नाही, हिशेब करतो. सहकाऱ्याशी भांडलेल्या खेळाडूला समज द्यावी की दंड करावा याचा विचार तो माणसांच्या संबंधांच्या अंगाने करीत नाही. कोणत्या पर्यायाने संघाचे मनोबल कमी बिघडेल एवढेच पाहतो. चार-पाच हंगामांनंतर तीच बातमी नाव बदलून दुसऱ्यांदा आली की साचा उघडा पडतो आणि उरलीसुरली सहानुभूतीही जाते.

यावर असे म्हटले जाईल की खेळ हा खेळ आहे, त्याच्याकडून कादंबरीची अपेक्षा कशाला? परंतु ही अपेक्षा बाहेरून लादलेली नाही. या खेळांच्या पोटात कादंबरी दडलेली आहे हे एका कादंबरीकाराने संगणकीय खेळांच्या कितीतरी आधी दाखवून दिले आहे. रॉबर्ट कूव्हर यांची ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन, इन्क., जे. हेन्री वॉ, प्रॉप.’ ही कादंबरी १९६८ ची. हेन्री वॉ हा छप्पन्न वर्षांचा एकाकी हिशेबनीस. त्याने स्वयंपाकघरातील टेबलावर तीन फासे आणि काही तक्ते यांच्या आधाराने आठ संघांची एक लीग चालविली आहे आणि तिचे छप्पन्नावे वर्ष चालू आहे. खरे बेसबॉल पाहण्यात त्याला रस उरलेला नाही. त्याला रस आहे तो नोंदींत, नावांत, खेळाडूंच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्यात, त्यांच्या राजकारणात, त्यांच्यावर रचलेल्या गाण्यांत. फासे मैदान सांभाळतात. मैदानाबाहेरचे सारे वॉ स्वतः रचतो.

डेमन रदरफर्ड हा नवा पिचर प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही तळ गाठू न देता सामना जिंकतो आणि वॉ त्याच्यावर पुत्रवत जीव टाकतो. पुढे फाशांवर पुन्हा पुन्हा तीन एक्के पडतात आणि असाधारण घटनांच्या तक्त्यातील ती ओळ उघडते जिच्यात लिहिले आहे की फलंदाज चेंडू लागून मरतो. फलंदाजीस उभा असतो तो डेमन. चेंडू टाकणारा जॉक केसी. (असा मृत्यू मेजर लीगच्या इतिहासात एकदाच घडला आहे : १९२० च्या ऑगस्टमध्ये कार्ल मेजचा चेंडू डोक्याला लागून क्लीव्हलँडचा रे चॅपमन दुसऱ्या दिवशी गेला.) वॉला हा मृत्यू टाळता आला असता. फासे त्याचे, तक्ता त्याचा, पाहणारे दुसरे कोणी नाही. तरीही तो टाळीत नाही. कारण एकदा टाळला तर आजवरच्या छप्पन्न हंगामांतील एकाही आकड्याला अर्थ उरणार नाही. पण पुढे तो मोडतोच. केसीचा बळी घेण्यासाठी तो तिन्ही फासे हाताने सहावर ठेवतो. त्यानंतर कादंबरी अशा वळणावर जाते की शेवटच्या प्रकरणात वॉ दिसतच नाही. शंभरावर हंगाम उलटले आहेत, डेमनच्या मृत्यूचे खेळाडूंनी व्रत करून टाकले आहे, आणि आपल्याला कोणी निर्माण केले की नाही याविषयी त्यांच्यातच मतभेद आहेत.

या कादंबरीने हाताळलेला पेच नेमका तोच आहे जो ‘गतिमान कथानके’ मागणाऱ्याच्या लक्षात आलेला नसतो. घटना कर्त्याने योजली तर तिला आशय येतो, पण तिची विश्वसनीयता जाते. फाशांनी आणली तर विश्वसनीयता राहते, पण आशय नसतो. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त अर्गोस येथील मिटिसच्या पुतळ्याची गोष्ट सांगितली आहे. मिटिसच्या मृत्यूला कारण झालेला माणूस पाहत असताना तो पुतळा त्याच्याच अंगावर कोसळला. यदृच्छेने घडलेल्या गोष्टींतही ज्यांमागे हेतू असल्याचा भास होतो त्या अधिक विस्मयकारक वाटतात, असा त्याचा अभिप्राय. डेमनचा मृत्यू भयंकर ठरतो तो या भासामुळे. तक्त्यात ती ओळ आधीच होती, ती कोणाच्याही वाट्याला येऊ शकली असती, आणि ती नेमकी ज्याच्या वाट्याला यावी किंवा येऊ नये त्याच्याच वाट्याला आली. संगणकीय खेळातील साचा मात्र वय आणि स्वभाव पाहून खेळाडू निवडतो. निवड इतकी उघडपणे सोयीची असते की पुतळा कोसळल्याचा विस्मय वाटत नाही. पुतळ्याला बांधलेली दोरी दिसते.

जॅक केरुॲक यांनीही पोरवयापासून पुढे कित्येक वर्षे एक खासगी बेसबॉल लीग चालविली होती, तिच्यासाठी वार्तापत्रे लिहिली होती, खेळाडूंचे पगार आणि दुखापती नोंदविल्या होत्या. ते कागद आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. त्यांत वाङ्मयीन मूल्य किती हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट ध्यानात येते : वार्ताहर, व्यवस्थापक आणि फासे टाकणारा एकच माणूस होता, आणि त्याला पूर्वीचे सारे आठवत होते.

आठवणे हा येथे कळीचा शब्द आहे. २०२० च्या जुलैत ‘ब्लेसबॉल’ नावाचा एक संगणकीय प्रकार अमेरिकेत सुरू झाला आणि २०२३ मध्ये बंद पडला. त्यात खेळाडूंना चेहरे नव्हते, चरित्रे नव्हती, मैदानाबाहेरची कथानकेही नव्हती. विचित्र नावे होती, काही आकडे होते, आणि कधी कधी एखादा खेळाडू जळून राख झाल्याची एका ओळीची नोंद होती. जेलेन हॉटडॉगफिंगर्स ही पिचर अशी सर्वांत आधी गेली. हजारो अनोळखी माणसांनी तिला रूप दिले, तिच्यावर गाणी रचली, शोक केला, आणि पुढे मतदानाच्या एका पळवाटेने तिला मृतांतून परतही आणले. ज्या खेळाने काहीच सांगितले नाही त्याच्याभोवती कथांचे रान माजले, आणि ज्या खेळाने साचेच्या साचे पुरविले त्याच्याभोवती तक्रार उरली, हा विरोधाभास वरवरचा आहे. ब्लेसबॉलच्या प्रेक्षकांनी घटना लक्षात ठेवल्या. जेलेन परतली तेव्हा ती गेलेली सर्वांना आठवत होती. आऊट ऑफ द पार्कमधील व्यवस्थापकाला मात्र सात वर्षांपूर्वीची बातमी आठवत नाही, कारण खेळाने ती त्याला आठवण्यासारखी दिलेलीच नसते. ती गुणांकात विरघळून गेलेली असते.

एक वेगळा, नैतिक स्वरूपाचा प्रश्नही आहे. हा खेळ काल्पनिक खेळाडूंपुरता नाही. त्यात खरे, हयात खेळाडू असतात आणि इतिहासातले हंगामही पुन्हा खेळता येतात. हयात माणसाच्या नावे काल्पनिक व्यसन किंवा काल्पनिक घटस्फोट रचणे हे कल्पनास्वातंत्र्यात बसत नाही, हे वेगळे सांगावयास नको. पण इतिहासाचे काय? लू गेरिगने सलग २,१३० सामने खेळून २ मे १९३९ रोजी स्वतःहून बाहेर बसणे पसंत केले. पुढच्या महिन्यात असाध्य आजाराचे निदान झाले आणि दोन वर्षांनी तो गेला. खेळाडूंचा पुढला विकास यंत्रावर सोपविला तर पुन्हा खेळलेल्या १९३९ मध्ये गेरिग सुखाने खेळत राहू शकतो. पहिल्यांदा हे पाहताना आनंद होतो. पण त्याचा सलग सामन्यांचा आकडा २,१३० च्या पुढे सरकू लागला की तो तक्ता कोणाचा आहे हेच कळेनासे होते. ज्या आजाराला खेळाने वगळले, त्याच आजाराने त्या आकड्याला आजचा अर्थ दिलेला होता. रॉबिन्सनच्या बाबतीत हे अधिकच बोचणारे होते. १९३० चा हंगाम कृष्णवर्णीयांसह खेळावयाचा की त्यांच्यावाचून, हा निर्णय जेथे कळ दाबण्याइतका सोपा असतो, तेथे ज्यांना प्रत्यक्षात तो निर्णय घ्यावयाचा होता आणि ज्यांनी तो घेतला नाही त्यांचा विसर पडण्याचा धोका असतो. अर्थात गिब्सनला मेजर लीगमध्ये एकदा तरी पाहावे या इच्छेला नावे ठेवता येत नाहीत.

आज भाषा रचणारी यंत्रे हाताशी आहेत. साचा आणि नावाची रिकामी जागा यांच्या मर्यादा ओलांडून प्रत्येक खेळाडूसाठी दररोज वेगळी, नीटनेटकी बातमी लिहून देणे यापुढे अवघड नाही. त्यामुळे तीच बातमी पुन्हा आल्याची तक्रार मिटेल. परंतु बातमीचा शेवट निष्ठेत तीनची घट असाच होणार असेल, तर तिची भाषा सजीव झाल्याने तिचे निर्जीवपण उलट अधिक जाणवेल. जे हवे आहे ते त्याहून साधे आहे. खेळाडूच्या कारकिर्दीच्या तक्त्यात, एखाद्या हंगामाच्या ओळीशेजारी, त्या वर्षी काय झाले याची एक नोंद राहावी. तिचा कोणत्याही गुणांकाशी संबंध नसावा. तो निवृत्त झाल्यावर, त्याचा मुलगा वीस वर्षांनी त्याच संघात आल्यावर, ती तेथेच असावी. यंत्राला सामना खेळविण्यासाठी या नोंदीची कसलीही गरज पडणार नाही. तक्ता उघडणारा मात्र एका हंगामापाशी थांबेल आणि त्या वर्षीची सरासरी इतकी खाली का आली ते स्वतःशी जुळवू लागेल, कदाचित चुकीचेही जुळवील.